सिलिअॅक नाही, तरी गहू सोसत नाही

डब्यातली पोळी-भाजी खाल्ली की तासा-दीड तासात माझं पोट टम्म फुगायचं. दुखायचंही, पण दुखण्यापेक्षा तो ताण असह्य असायचा. चार वाजेपर्यंत डोकं जड व्हायचं, एकच हिशेब पुन्हा पुन्हा तपासला तरी खात्री वाटत नसे, आणि बोटांचे सांधे सकाळी आखडलेले असायचे. गॅस, अॅसिडिटी, ऑफिसचं टेन्शन, चाळिशी असं भेटेल त्याने वेगळं नाव दिलं. ओवा, जिरं, त्रिफळा, सकाळचं गरम पाणी सगळं करून झालं.

एक गोष्ट मात्र मला स्वच्छ दिसत होती. एकादशीला आणि नवरात्रात मला काही होत नसे. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. पचायला हलकं म्हणावं असं यात काही नाही, तरी पोट गप्प. उपवासाच्या ताटात गहू नसतो, म्हणून संशय गव्हावर गेला. गहू बंद करायच्या तयारीनेच मी पोटविकारतज्ज्ञांकडे गेले.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बंद करायचं ते नंतर बघू. तपासण्या होईपर्यंत रोज पोळी खायची, एक दिवसही सोडायची नाही."

त्याचं कारण त्यांनी नीट समजावलं, आणि या सगळ्या प्रवासात मला मिळालेली ही सर्वांत कामाची माहिती आहे. सिलिअॅक आजारात ग्लुटेन हे गव्हातलं प्रथिन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उठते. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखी बारीक लव असते, ती झिजून सपाट होते, अन्नातलं लोह, कॅल्शियम अंगी लागत नाही. हे रक्तातल्या अँटिबॉडीवरून आणि आतड्याच्या तुकड्यावरून ओळखतात. पण गहू सोडला की अँटिबॉडी हळूहळू उतरतात, लव भरून येते, आणि मग तपासणीत काहीच दिसत नाही. आजार असतो, पुरावा गेलेला असतो. अशा माणसाला निदानासाठी पुन्हा कित्येक आठवडे गहू खायला लावावा लागतो, आणि बरं वाटू लागलेल्या माणसाला ते नको असतं. सिलिअॅक असेल तर पथ्य जन्मभराचं आणि कणभरही सूट नसलेलं. नसेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. म्हणून हे आधी कळायला हवं.

आपल्याकडे हा आजार दुर्मीळ आहे असा समज आहे. दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. गोविंद मखारिया यांच्या गटाने दिल्ली परिसरात केलेली पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात साधारण शंभरात एकाला तो आढळला. भाताच्या दक्षिणेत प्रमाण बरंच कमी आहे. आपण पोळीही खातो आणि भातही.

माझ्या रक्ताच्या तपासणीत टीटीजी-आयजीए, म्हणजे सिलिअॅकची अँटिबॉडी मोजणारी चाचणी होती आणि तिच्या जोडीला एकूण आयजीए. ही दुसरी का, हे मी मुद्दाम विचारलं. ती अँटिबॉडी आयजीए या प्रकारची असते, आणि काही लोकांच्या रक्तात हा प्रकार मुळातच कमी असतो. त्यांची पहिली चाचणी खोटीच नॉर्मल येऊ शकते. गव्हाच्या अॅलर्जीची आयजीई तपासणी वेगळी, कारण अॅलर्जीत पित्त उठणं, घसा सुजणं, धाप लागणं हे लगेच होतं, त्याची यंत्रणाच निराळी. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ हेही झालं. मग दुर्बिणीतून तपासणी. घशात बधिर करणारा फवारा मारला, हाताला सुई लावली, आणि जाग आली तेव्हा काम झालेलं होतं. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून दोन-तीन ठिकाणचे तुकडे घेतले होते, कारण इजा सगळीकडे सारखी नसते.

सगळं नॉर्मल. फक्त बी-१२ कमी.

नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन रडू येतं हे मला तेव्हा कळलं. घरच्यांना आनंद झाला, तो खराच होता. पण दुपारी पोट फुगायचं ते फुगतच होतं. "म्हणजे काही नाहीये तुला," हे वाक्य मायेने म्हटलं तरी टोचतं. डॉक्टर तसं म्हणाले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी सांगितलं की सिलिअॅकही नाही, अॅलर्जीही नाही, पण गहू खाल्ल्यावर पोट बिघडतं, डोकं जड होतं, अंग मोडून येतं अशी पुष्कळ माणसं असतात. त्याला नॉन-सिलिअॅक ग्लुटेन सेन्सिटिव्हिटी म्हणतात. त्यात आतड्याला इजा होत नाही. त्याची रक्ततपासणी नाही, स्कॅन नाही. खाऊन आणि सोडून पाहणं हाच मार्ग, आणि तोही शिस्तीत.

बाहेर काही लॅब शंभर-दोनशे पदार्थांची यादी देऊन रक्तातल्या आयजीजीवरून "तुम्हाला काय सोसत नाही" हे सांगणारं महागडं पॅनेल विकतात. माझ्या ओळखीतल्या एकींनी ते केलं आणि दूध, अंडी, टोमॅटो, शेंगदाणे सगळं बंद करून बसल्या. डॉक्टरांनी मला त्यापासून स्पष्ट दूर ठेवलं. आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता एवढीच खूण, तो बाधतो याची नव्हे. अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनाही ही चाचणी यासाठी करू नका असंच सांगतात.

पुढचं काम आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलं. पहिला टप्पा काही आठवडे गहू, जव आणि त्यांचं सगळं गोत बंद करण्याचा. पोळी, ब्रेड, बिस्किट, रवा, शेवया, मैदा हे उघड होतं. लपलेला गहू शोधणं खरं काम. डबीतला हिंग बहुतेकदा पिठात मिसळलेला असतो, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं. थालीपिठाच्या भाजणीत आमच्याकडे मूठभर गहू पडतातच. मेतकुटातही. कुरडया तर गव्हाच्या चिकाच्याच. चायनीजमधल्या सोया सॉसमध्ये गहू. आणि गिरणी! ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून न्यायची आणि आधीच्या गिऱ्हाइकाच्या गव्हाच्या पाठोपाठ दळून आणायची, तर उपयोग काय. सकाळी गिरणी उघडली की पहिला नंबर आमच्या डब्याचा, अशी बोली झाली. सिलिअॅक असलेल्या माणसाला एवढंही पुरत नाही, त्याचं पीठ घरच्या चक्कीवरच हवं. मला चाचणीपुरती स्वच्छता हवी होती.

सासूबाई सोलापूरकडच्या. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी म्हटल्यावर त्यांना आजाराचंही वाईट वाटेनासं झालं. मला भाकरी येत होती, पण डब्यात दुपारपर्यंत मऊ राहील अशी येत नव्हती. "पाणी उकळू दे, नुसतं गरम नको," म्हणत त्यांनी पिठात मधोमध खळगा करून उकळतं पाणी ओतलं, उलथन्याने ढवळलं, आणि हाताला सोसेल इतकं झाल्यावर तळहाताच्या टाचेने ते पीठ परातीला घासत राहिल्या. ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे पीठ आपणहून चिकटत नाही. उकळत्या पाण्याने त्यातला स्टार्च शिजतो आणि तोच बांधून धरतो. पीठ ताजं हवं, एका वेळेपुरतंच मळायचं. त्या भाकऱ्या दुपारी दोनला घडी घालता येतील अशा असायच्या.

बरं वाटलं. पण पूर्ण नाही. वहीत मी रोज पोटफुगी, दुखणं, डोकं, थकवा यांना शून्य ते दहा गुण देत होते. आकडे उतरले, काही दिवस पुन्हा चढले, आणि गहू तर पोटात कुठेच नव्हता. त्या दिवसांची पानं बाईंनी शांतपणे चाळली आणि विचारलं, "भाकरीबरोबर काय खाल्लंत?" पिठलं, लसणाची चटणी, कच्चा कांदा, कांदा-लसूण मसाल्याचा रस्सा.

त्याच सुमाराला कांदेनवमी आली. आमच्या घरी सासूबाई चातुर्मास पाळतात, आषाढी एकादशीपासून घरात कांदा-लसूण शिजत नाही. आणि त्या दिवसांत माझी वही पहिल्यांदा सलग शांत झाली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. उपवासाच्या ताटात गहू नसतो, हे मी मोजलं होतं. पण कांदा-लसूणही नसतो. दोन संशयित नेहमी एकत्र गैरहजर राहत होते, मग नेमका कोणता, हे उपवासावरून कसं कळणार?

बाईंनी तेव्हा मला एक गोष्ट घरी करायला सांगितली. कणकेचा घट्ट गोळा मळायचा, थोडा वेळ ठेवायचा आणि पाण्याच्या भांड्यात तो हलक्या हाताने चोळत राहायचा. पाणी दुधासारखं पांढरं होतं. पाणी बदलत गेलं की गोळा लहान होत जातो आणि शेवटी हातात राहतो एक पिवळसर, ओढला तर ताणणारा, सोडला तर आखडणारा चिवट तुकडा. ते ग्लुटेन. गव्हातलं प्रथिन. पांढरं पाणी ठेवून दिलं तर तळाशी स्टार्च बसतो. आणि वरच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी एक साखरेच्या रेणूंची साखळी विरघळलेली असते, फ्रुक्टन. माणसाच्या आतड्यात फ्रुक्टन तोडायचा पाचकरसच नाही. ते तसंच मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात, वायू होतो, पाणी ओढलं जातं. बहुतेकांना ते जाणवत नाही. ज्यांचं आतडं हळवं आहे त्यांना तोच ताण दुखतो. गव्हात फ्रुक्टन फार नसतं, पण आपण गहू खातो किती! कांद्यात आणि लसणात मात्र ते ठासून भरलेलं.

म्हणजे ज्याला आपण ग्लुटेनचा त्रास म्हणतो तो पुष्कळदा गव्हाचा त्रास असतो, आणि गव्हात ग्लुटेन एकटं नसतं. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या गटाने २०१३ मध्ये हे दाखवलं. ग्लुटेन बाधतं असं सांगणाऱ्या, सिलिअॅक नसलेल्या ३७ जणांना आधी फ्रुक्टनसारख्या आंबणाऱ्या शर्करा कमी असलेल्या आहारावर ठेवलं, तेव्हाच सगळ्यांना बरं वाटलं. मग त्यांना नकळत ग्लुटेन दिलं, तर फारच थोड्यांना त्याचा म्हणून त्रास झाला. पुढे नॉर्वेतल्या ओस्लोमध्ये ५९ जणांना ग्लुटेन, फ्रुक्टन आणि काहीच न घातलेल्या मुसलीच्या वड्या आळीपाळीने दिल्या गेल्या. २०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: सर्वांत जास्त त्रास फ्रुक्टननंतर झालेले २४, ग्लुटेननंतर झालेले १३, आणि काहीच नसलेल्या वडीनंतर झालेले २२. त्या तेरा जणांना विसरता कामा नये. आणि बावीस जणांना खोटं ठरवायचंही कारण नाही. खाल्ल्यावर त्रास होणार अशी धास्ती वर्षानुवर्षं बसलेली असते, तिने पोट खरंच दुखतं.

२०१४ मध्ये इटलीत सालेर्नो इथे तज्ज्ञांनी यासाठी एक पद्धत ठरवली. रोज ८ ग्रॅम ग्लुटेन आठवडाभर, मध्ये एक आठवडा मोकळा, मग आठवडाभर तसंच दिसणारं पण ग्लुटेन नसलेलं, आणि कोणत्या आठवड्यात काय हे रुग्णालाही माहीत नाही, देणाऱ्यालाही नाही. लक्षणांत किमान ३० टक्क्यांचा फरक पडला तर धरायचा. दवाखान्यांत हे क्वचितच होतं. बाईंनी त्याची घरगुती आवृत्ती आखली, आणि ती सांगावीशी वाटते.

थालीपिठात ग्लुटेन पावडर घातली असती तर मळतानाच कळलं असतं. पाणी लागलं की ती ताणायला लागते. म्हणून नाचणीचे लाडू. भाजलेली नाचणी, तूप, गूळ, वेलदोडा, पाण्याचा थेंब नाही. नणंदेने तिच्या घरी तीन डबे भरले. एकात ग्लुटेन पावडर, दुसऱ्यात चिकोरीच्या मुळापासून काढलेलं इन्युलिन, म्हणजे फ्रुक्टनच, अगदी थोडं, आणि तिसऱ्यात नुसते लाडू. अ, ब, क अशा चिठ्ठ्या लावल्या. कशात काय हे लिहून पाकीट बंद करून थेट आहारतज्ज्ञांकडे दिलं आणि डबे घरी नवऱ्याने आणून ठेवले, त्यालाही काही माहीत नव्हतं. एक डबा आठवडाभर, मग पोट ताळ्यावर येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा. बाकी आहार तोच, चातुर्मासातला: भाकरी, भात, मुगाचं वरण, दुधी, पडवळ, पालेभाज्या, दही.

अ डब्याच्या पहिल्याच दिवशी माझं पोट फुगलं. हाच, म्हणून मी मनात ठरवूनही टाकलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आकडे खाली आले. ब डब्यात ते चढले आणि चढतच राहिले, रात्री झोपमोड झाली. क डब्यात विशेष काही नाही. पाकीट उघडलं तेव्हा अ मध्ये नुसते लाडू होते, ब मध्ये फ्रुक्टन, क मध्ये ग्लुटेन.

मी ते पान बराच वेळ बघत बसले. इतकी वर्षं माझ्या पोटातलं दुखणं खरं होतं, आणि त्याला आता एक पत्ता होता.

बाईंनी लगेच बजावलं की एका माणसाचा एकदाचा प्रयोग म्हणजे सिद्धांत नव्हे. दुसऱ्या कुणाचा क डबा चढेल. गव्हातली आणखी काही प्रथिनं, एटीआय नावाची, प्रतिकारशक्तीला डिवचतात का यावर संशोधन चालू आहे. बोटांचं आखडणं आणि डोक्याचं जडपण कशाने गेलं हेही मला ठामपणे सांगता येत नाही. मधल्या काळात बी-१२ची इंजेक्शनं झाली होती, आणि डोक्याचं जडपण बी-१२च्या कमतरतेतही दिसू शकतं.

आता रोजचं म्हणाल तर गहू माझ्या घरात परत आला आहे. दुपारी भाकरी, रात्री कधी एक पोळी. एक सोसते, तीन सोसत नाहीत. हा मात्रेचा हिशेब सिलिअॅकमध्ये चालत नाही, माझ्यात चालतो, आणि म्हणूनच तपासणी आधी झाली याचं मोल मला रोज कळतं. होळीला पुरणपोळी खाते, एकच, आणि त्या दिवशी कटाच्या आमटीवर हात आखडता घेते, कारण हरभऱ्याच्या डाळीतही तशाच आंबणाऱ्या शर्करा असतात. गणपतीत उकडीचे मोदक निर्धास्त.

स्वयंपाकात लसूण गेलेला नाही. फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात नाही. तेलात ठेचलेल्या पाकळ्या मंद आचेवर परतायच्या, वास सुटला की झाऱ्याने काढून टाकायच्या आणि त्याच तेलात फोडणी करायची. घरात कुणालाही फरक कळत नाही. हे पाणी असलेल्या रश्श्यात करून जमत नाही, कारण तिथे फ्रुक्टन रश्श्यात उतरून बसतं. पातीच्या कांद्याची हिरवी पात चालते, खालचा पांढरा गड्डा नाही. शुद्ध खडा हिंग आणून घरी कुटते. लग्नाच्या जेवणात पोळीपेक्षा ग्रेव्हीलाच जास्त जपावं लागतं, हे कुणाला सांगून पटत नाही.

"ग्लुटेन फ्री" लिहिलेले पुडे मी आणत नाही. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे अशा पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं लागतं, आणि सिलिअॅकच्या रुग्णासाठी तो शिक्का जिवाभावाचा आहे. मला त्याची गरज नाही. त्यातली बरीच बिस्किटं म्हणजे स्टार्च आणि साखर, किंमत मात्र दुप्पट-तिप्पट. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, राजगिरा, वरई ज्या राज्यात पिकते तिथे हे पुडे कशाला.

खपली गव्हाबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. "खपलीत ग्लुटेन नसतं" असं सर्रास सांगून तो विकला जातो. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे. माझ्यासारखीला त्याची थोडी खीर सोसेलही, पण निदान न झालेल्या एखाद्या सिलिअॅकच्या मुलाला "हा चालतो" म्हणून रोज तो वाढला तर त्याचं आतडं झिजत राहील आणि वाढ खुंटेल. मुलाची उंची-वजन मागे पडत असेल, लोहाच्या गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, घरात कुणाला सिलिअॅक किंवा टाइप १ मधुमेह असेल, तर गहू चालू ठेवूनच टीटीजी-आयजीए करून घ्या.

बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की जे जे काढलं ते कायमचं काढायचं नाही, कारण याच शर्करांवर आतड्यातले चांगले जिवाणूही जगतात. त्यामुळे एकेक पदार्थ थोड्या मात्रेने परत आणणं चालू आहे. मोड आलेले मूग जमले. मसूर भिजवून, पाणी फेकून शिजवली तर जमते. चवळी अजून नाही. पुढच्या आठवड्यात वालाच्या बिरड्याची पाळी आहे, अर्धी वाटी, सुट्टीच्या दिवशी.